अंगातली सुस्ती आणि रक्तातला आकडा



खुरपणी, धारा, स्वयंपाक, पोराबाळांचे सगळे वर्षानुवर्षे बिनबोभाट करणारी घरातली बाई कधीकधी हळूहळू मंदावत जाते. रात्रभर झोपूनही तिचा शीण उतरत नाही. इतरांना उकडत असते, तेव्हा तिला पदर घट्ट लपेटून घ्यावासा वाटतो. खाणे पूर्वीइतकेच, तरी वजन वाढते. शौचास साफ होत नाही, कातडी खरखरीत होते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाळीत अंगावरून जास्त जाते. घरात कुणी म्हणते, आळस भरला. कुणी म्हणते, वय झाले. पुढे पुढे तिलाही तेच खरे वाटू लागते.

अशी तीन-चार लक्षणे महिनोन्महिने टिकली तर दोष स्वभावाचा नसून गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा असू शकतो. पुरुषांनाही हा विकार होतो. बायकांत मात्र त्याचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. रक्त कमी असले तरी असाच थकवा येतो. म्हणून हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, नुसत्या अंदाजावर राहू नये.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची असते. शरीराचे सारे काम कोणत्या चालीने चालावे, हे तिच्या स्रावावर ठरते. स्राव कमी पडला की सारेच संथ होते.

आता रक्ताचा रिपोर्ट. त्यात मुख्य आकडा ‘टीएसएच’चा. पुष्कळ जण म्हणतात, ‘माझा थायरॉईड वाढला.’ येथेच घोटाळा होतो. टीएसएच हा थायरॉईडचा स्राव नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली एक छोटी ग्रंथी तो सोडते आणि थायरॉईडला कामाला लावते. बैल रेंगाळला की गाडीवान जास्त ओरडतो, तसेच हे आहे. थायरॉईड मंदावली की टीएसएच चढतो. म्हणजे आकडा वाढला याचा अर्थ बहुधा ग्रंथी कमी काम करते आहे.

मोठ्या माणसात टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते. ती आकड्याशेजारी छापलेली असते, तीच पाहावी. सोबत ‘टी-४’ पाहतात. हा थायरॉईडचा स्वतःचा स्राव. टीएसएच जास्त आणि टी-४ कमी, तर विकार स्पष्ट झाला. टीएसएच थोडाच जास्त आणि टी-४ ठीक असेल, तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. मोठ्या आजारपणात हे आकडे हलतात, तेव्हा त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

या विकारावर औषध आहे. १८९१ साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका बाईवर उपचार केले. ती पुढे २८ वर्षे जगली. आज तोच स्राव कारखान्यात तयार करून गोळीच्या रूपात मिळतो. त्याचे नाव लिव्होथायरॉक्सिन.

गोळी पहाटे उठल्यावर अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा आणि न्याहारी अर्ध्या ते एका तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवा. नाहीतर औषध अंगी लागत नाही. गुण आठ दिवसांत दिसत नाही. मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घेतली तरी चालते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पुढे. रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि बाई म्हणते, बरी झाले, आता गोळी कशाला? आकडा ठीक आला, तो गोळी चालू आहे म्हणून. बंद केली की काही आठवड्यांत सुस्ती पुन्हा अंगात भरते. बहुतेकांना ती जन्मभर घ्यावी लागते. बंद करायची झाली तर डॉक्टरांनाच ठरवू द्या. मनाने वाढवूही नका. मात्रा जास्त झाली तर छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते, पुढे हाडे ठिसूळ होतात.

दिवस गेल्याचे कळताच गोळी न थांबवता लगेच डॉक्टरांना सांगा. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ यावर अवलंबून असते.

स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरा. साध्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते. कोबी, फ्लॉवर शिजवून बेताने खायला हरकत नाही. पण मीठ किंवा एखादा पाला गोळीची जागा घेत नाही. बद्धकोष्ठासाठी भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि रोजचे चालणे उपयोगी पडते.

रोगी फार झोपाळू झाला, असंबद्ध बोलू लागला, अंग गार पडले किंवा श्वास मंदावला, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

सारे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा आणि दर वेळी सोबत न्या. आणि घरच्या मंडळींनो, तिला आळशी म्हणण्याआधी एकदा तिचे रक्त तपासून आणा.