तीन महिन्यांनंतर आवाज कुठे जातो?

कॉलेज रेडिओचे जुने आरजे खूप दिवसांनी भेटले की गप्पा ठरलेल्या असतात. लाइव्ह असताना कोण खुदकन हसलं, माइक चालू ठेवूनच कुणी चहा मागवला! पण कुणी ‘तो एपिसोड ऐकव ना’ म्हटलं, की सगळे एकमेकांकडे बघतात. रेकॉर्डिंग कुणाकडेच नसतं.

देशातलं पहिलं कॅम्पस कम्युनिटी रेडिओ केंद्र म्हणजे चेन्नईचं अण्णा एफएम. ते १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालं. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर आली. तेव्हाचे विद्यार्थी आज चाळिशीकडे आलेत. नियम मात्र सांगतो, प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवा. त्यानंतर तो ठेवायचा की पुसायचा, हे केंद्राच्या हाती.

म्हणून आज माइकसमोर तुम्ही असाल, तर प्रत्येक कार्यक्रमाची एक कॉपी तारीख आणि नावांसह कॉलेजच्या लायब्ररीत द्या. आणि जुन्या मंडळींनो, पुढच्या गेट-टुगेदरला घरातल्या सीडी, पेन ड्राइव्ह शोधून आणा. आठवण दरवेळी थोडी बदलते. रेकॉर्डिंग बदलत नाही. विशीतला आपलाच आवाज पुन्हा ऐकायचा, तर तो आधी जपायला हवा ना?