आधी हॉल उघडा, परदेश दौऱ्याचं मग बघू

युवक महोत्सवाच्या तारखा नोटीस बोर्डावर लागल्या की आपल्याकडच्या कॉलेजांना अचानक आठवतं, अरे, आपल्याला डान्स ग्रुप पाहिजे! मग पंधरा दिवस नुसती धावपळ. परभणीहून नाहीतर संभाजीनगरहून कोरिओग्राफर येतो, ड्रेस भाड्यानं येतात, व्हरांड्यात ब्लूटूथ स्पीकर लावून प्रॅक्टिस चालते. महोत्सव झाला, बक्षीस मिळालं किंवा हुकलं, की ग्रुप संपला. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. आणि याच पोरापोरींच्या मोबाइलवर वसईच्या मुलांनी अमेरिकेचं स्टेज गाजवल्याचे व्हिडिओ फिरत असतात. त्यावर बोलणं एकच, 'पाथरीत कुठं होतंय असलं काही?'

होऊ शकतं. पाथरीत टॅलेंटची कमी नाही. कमी आहे ती वर्षभर टिकणाऱ्या टीमची आणि त्या टीमला नाचायला लागणाऱ्या जागेची. परदेश दौरा ही शेवटची पायरी आहे. आपण पहिलीच बांधलेली नाही.

वसईच्या 'किंग्ज'चंच बघा. २०१९ मध्ये त्यांनी अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकलं, दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं, तेव्हा सगळ्या देशाला ते कळले. पण त्याच्या चार वर्षं आधी, २०१५ मध्ये, हीच मंडळी सॅन डिएगोला जागतिक हिप-हॉप स्पर्धेत ब्राँझ घेऊन आली होती. म्हणजे ब्राँझ मिळाल्यावर ग्रुप फुटला नाही, सराव थांबला नाही. भाईंदर-नायगावच्या वस्त्यांमधला 'व्ही अनबीटेबल' हा जवळपास तीस जणांचा ग्रुप २०१९ मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये चौथा आला आणि २०२० मध्ये त्याच शोच्या चॅम्पियन्स पर्वात पहिला. त्यांच्या नावातला 'व्ही' म्हणजे विकास, सराव करताना पडून जायबंदी झालेला आणि पुढे वारलेला त्यांचा मित्र. रील बघून कॉलेजच्या सिमेंटच्या फरशीवर पिरॅमिड रचणाऱ्या प्रत्येकानं हे नाव लक्षात ठेवावं. मॅट ही चैन नाही.

आता एक लांबचं उदाहरण, पण ज्या मातीतून आलंय ती आपल्या ओळखीची आहे. ॲल्विन एली. जन्म १९३१ चा, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या रॉजर्स नावाच्या छोट्या गावचा. कृष्णवर्णीय, गरीब घर, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, लहानपणी तोही वेचायचा. मानवत-पाथरी पट्ट्यात वेचणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. या एलीनं १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची डान्स कंपनी काढली. १९६० मध्ये 'रेव्हलेशन्स' हा नाच बसवला. त्यात काय आहे? गावच्या चर्चमधली गाणी, पाण्यातला बाप्तिस्मा, उकाड्यात हातपंख्यानं वारा घेत बसलेल्या बायका. गावात जे बघितलं, तेच. आज ही कंपनी आधुनिक नृत्यातलं जगातलं एक मोठं नाव आहे.

आपल्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. १९६० मध्येच या कंपनीला न्यूयॉर्कमधल्या वायडब्ल्यूसीएच्या इमारतीत सरावाला हक्काची जागा मिळाली. परदेशाचा पहिला मोठा दौरा, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाचा, झाला १९६२ मध्ये, तोही अमेरिकन सरकारच्या खर्चानं. आधी जागा, मग जग. एली १९८९ मध्ये गेले, कंपनी मात्र अजून देशोदेशी फिरते. कारण ती एका स्टारची नव्हती, टीमची होती.

आपल्याकडे दाखवण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मला हसू येतं. संबळावर रात्र जागवणारा गोंधळ आहे. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचं नाव लोककलेच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे, आपल्यातल्या किती जणांना आहे? सप्ताहातली पावली आहे, हलगी आहे, भीमजयंतीचा जलसा आहे, तांड्यावरची लेंगी आहे. युवक महोत्सवात यातलं बरंच काही आपण करतो, पण कॉस्च्युम चढवून, आठ मिनिटांत, परीक्षकांसाठी. ते नीट शिकून, आजच्या आपल्या जगण्याशी जोडून काही नवं बसवायचं म्हटलं तर पंधरा दिवस पुरत नाहीत. एलीनं चर्च जसंच्या तसं उचलून स्टेजवर ठेवलं नव्हतं, त्याचा नाच केला होता. फरक तिथं आहे.

यावर घरचे म्हणतील, 'नाचून पोट भरतंय का?' प्रश्न खोटा नाही. सोयाबीनला भाव नाही, भरतीची जाहिरात निघत नाही, अशात पोरगं नाचतंय म्हटल्यावर बापाला काळजी वाटणारच. नाचणाऱ्या सगळ्यांचं पोट नाचावर भरेल असं मीही म्हणणार नाही. पण कबड्डी खेळणारा प्रत्येक जण प्रो कबड्डीत जात नाही, म्हणून आपण मैदानाला कुलूप लावतो का? शिवाय टीममध्ये वेळ पाळणं, दुसऱ्याला सांभाळून घेणं, लाइट, आवाज, हिशोब बघणं, हे सगळं शिकायला मिळतं. ते कुठंही कामाला येतं.

आणि मागणीही काही कोटींची नाही. बऱ्याच कॉलेजांत हॉल आहे, फक्त त्याला कुलूप आहे. तो आठवड्यातून तीन दिवस, दोन तास उघडा. खाली मॅट टाका. वेळ दुपारची ठेवा, म्हणजे खेड्यावरून येणाऱ्या मुलींची एसटी चुकणार नाही. सराव संध्याकाळी सातला ठेवला, तर टीम फक्त गावात राहणाऱ्या मुलांची होते, हे लक्षात घ्या. बाहेरच्या कोरिओग्राफरला देतो त्यातले निम्मे पैसे तालुक्यातल्याच एखाद्या संबळ किंवा हलगी वाजवणाऱ्या कलावंताला मानधन म्हणून द्या, त्याला 'सर' म्हणा आणि वर्षभर शिका. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत, त्यात सादरीकरणाच्या कलाही येतात. ते क्रेडिट कागदावरच का राहावेत?

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून आहे, ती देशातले कलापथक परदेशात पाठवते. पण तिच्या यादीत यायचं तर आधी केलेलं काम दाखवावं लागतं. पंधरा दिवसांच्या ग्रुपकडे दाखवायला काय असणार? फार तर एक ढाल आणि व्हॉट्सॲपवरचा ग्रुप फोटो.

म्हणून या वर्षी महोत्सव संपला की ग्रुप मोडू नका. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या घेऊन प्राचार्यांना अर्ज द्या. हॉलची वेळ मागा, मॅट मागा, एका प्राध्यापकांची जबाबदारी मागा. आणि पहिला प्रयोग परभणीत नको, आपल्याच एखाद्या खेड्यात, शाळेच्या पटांगणात करा. ज्यांचा नाच तुम्ही उचलला, त्यांना तो आधी पटू द्या.