विकताना मराठी, नाकारताना इंग्रजी

परवा नगरमध्ये एका विमा कंपनीचा तरुण अधिकारी भेटला. ऑनलाइन विक्रीचं काम बघतो. मी बातम्या लिहितो हे कळल्यावर चहा पिता पिता म्हणाला, "सर, तुमच्या जिल्ह्यात लोक मोबाईलवर कपडे घेतात, मोबाईलवर कर्जसुद्धा घेतात. विमा म्हटलं की फोन कट. ट्रस्ट कसा बिल्ड करायचा?" उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. मराठी रील्स, एखादा ओळखीचा नट, आणि बाजाराच्या दिवशी स्टॉल.

मी त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितोय. कारण तिथे त्याचं निम्मं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

साहेब, फोन कट करणारा माणूस अडाणी नाही. तो पोळलेला आहे. १९१० साली सुरू झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. आजोबांपासून ज्या बँकेत खातं, तीच गेली. शेवगावकडे शेअर मार्केटच्या नावाने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अशा जिल्ह्यात अनोळखी नंबरवरून कुणी "सर, तुमच्या फॅमिलीच्या सुरक्षेसाठी" असं सुरू केलं, तर फोन ठेवणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

आणि ऑनलाइन विमा आमच्याकडे आलाच नाही, असंही नाही. आला, गावागावात आला, एक रुपयात आला.

मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात एक रुपयात पीक विम्याची घोषणा झाली. शेतकऱ्याचा हिस्सा सरकार भरणार, शेतकऱ्याने फक्त रुपया द्यायचा. आदल्या खरिपात साधारण ९६ लाख अर्ज होते, त्या खरिपात ते १ कोटी ७० लाखांच्या घरात गेले. सगळे ऑनलाइन. माझ्या डोळ्यांसमोर झालेली ही विम्याची सगळ्यात मोठी ऑनलाइन विक्री. आता ती कशी झाली ते बघा. अर्ज भरायचा सेवा केंद्रात. केंद्रचालकाला एका अर्जामागे कंपनीकडून ४० रुपये. शेतकऱ्याकडून रुपयाच घ्यायचा असा नियम, पण शंभर-शंभर घेतल्याच्या तक्रारी त्या तीनही हंगामांत... तीन कसले, दोन्ही वर्षं चालूच होत्या.

पण शंभराचं मला एवढं वाटत नाही. माझं भांडण त्या चाळीसशी आहे. चाळीस रुपये कशाचे? अर्ज भरल्याचे. अर्ज बरोबर भरला याचे नाहीत. पावती शेतकऱ्याला समजावली याचे नाहीत. नुकसान झाल्यावर तक्रार नोंदवायला मदत केली, याचा तर एक पैसाही नाही. विकणाऱ्याची मजुरी विक्रीलाच संपत असेल, तर विक्रीनंतर तो तुम्हाला ओळख कशाला दाखवेल?

आमचे तात्या पाथर्डी तालुक्यातले. चुलते माझे. २०२४ ला त्यांनी कपाशी आणि तुरीचा विमा काढला. परतीच्या पावसात कपाशीत गुडघाभर पाणी. नियम असा की ७२ तासांच्या आत नुकसान कळवायचं. तात्यांनी शेजारच्या पोराला धरून मोबाईलवर ॲप उघडलं, तर ओटीपी येईना. कसा येईल? अर्जात मोबाईल नंबर केंद्रचालकाने स्वतःचा टाकलेला. शे-दोनशे अर्ज एका बैठकीत भरायचे तर प्रत्येकाच्या ओटीपीची वाट कोण बघत बसणार? ते केंद्र बंद, चालक लग्नाला नाशिकला. तो आला चौथ्या दिवशी. म्हणाला, "तात्या, मुदत गेली आता. पुढच्या वर्षी बघू."

तात्यांनी मला फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता. "अरे, रुपयाच गेला ना," एवढंच म्हणाले. मला वाटतं, विम्याचा विषय त्यांच्या डोक्यातून त्या दिवशी कायमचा गेला.

इथे माझीही चूक सांगतो. त्या दोन वर्षांत "फक्त एक रुपयात पीक विमा, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका" ही बातमी मी किमान सात-आठ वेळा दिली असेल. प्रेसनोट आली की लावली. अर्जात स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून घ्या, एवढी एक ओळ त्यात घालायचं मला एकदाही सुचलं नाही.

पुढे काय झालं? सरकारनेच सांगितलं की चार लाखांहून जास्त अर्ज बोगस निघाले. सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर विमा काढलेला. ९६ सेवा केंद्रांवर ठपका आला. तेव्हाचे कृषिमंत्री तर एक रुपयाची तुलना भिकाऱ्याला द्यायच्या पैशाशी करून मोकळे झाले. आणि उपाय काय केला? एप्रिल २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच बंद. बरं, हप्ता भरायला लावला त्याचं समजू शकतो. पण त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातलं प्रतिकूल हवामान, पेरणी न होणं, काढणीनंतरचं नुकसान ही चारही कारणं काढून टाकली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे सगळ्या महसूल मंडळाची सरासरी. त्याच सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेडला शेतं पाण्याखाली गेली. तेव्हा ज्याने हप्ता भरला होता, त्यालाही आपल्या शेताचं म्हणून नुकसान कळवायची सोय नव्हती.

बोगस अर्ज भरले एकांनी, विमा आखडला दुसऱ्यांचा. याला विश्वास वाढवणं म्हणतात का?

आता केंद्राने जाहीर केलंय की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भात पाण्याखाली जाणं विम्यात येईल. अकोल्याच्या भातवाल्यांसाठी चांगलीच गोष्ट आहे. पण नुकसान कळवायचं कसं? पुन्हा ७२ तास, पुन्हा ॲप, त्यावर ठिकाणासह फोटो. डोंगराच्या कडेला रेंज शोधत फिरणाऱ्या माणसाला तुम्ही तीन दिवस दिलेत. रानडुक्कर काही रेंज बघून येत नाही.

शेतीचा विमा सरकारी आहे, आमचं वेगळं असं तो अधिकारी म्हणाला. म्हणून त्याला घरचं सांगितलं. वडिलांची आरोग्य पॉलिसी मी फोनवरूनच घेतली होती. मुलगी फार छान मराठी बोलत होती, "काका", "आजी" करत होती. वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, हे मी तिला स्वच्छ सांगितलं. "काही प्रॉब्लेम नाही सर," म्हणाली. अर्ज तिनेच भरला. दोन वर्षांनी वडील दवाखान्यात, बिल एक लाख चाळीस हजार, आणि कंपनीचा मेल: आजार लपवल्यामुळे दावा नामंजूर. दोन पानं इंग्रजीत. अर्जात बीपीसमोर "नाही" असं होतं.

विकताना मराठी, नाकारताना इंग्रजी. माझं इंग्रजी बेताचं आहे, पण पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, चार ओळखी आहेत, म्हणून भांडलो. त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागितलं. पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. आठ महिन्यांनी पैसे मिळाले. माझ्या जागी तात्या असते तर?

पूर्वी गावात विमा एजंट म्हणजे एक गुरुजी होते. (कागदावर एजंट त्यांची बायको होती, ते असो.) त्यांनीही लोकांच्या गळ्यात नको त्या पॉलिसी मारल्या, खोटं कशाला बोलू. पण माणूस गेला की दहाव्याला गुरुजी हजर असायचे, खिशात क्लेमचा फॉर्म घेऊन. आणि फसवलं तर बाजाराच्या दिवशी त्यांची कॉलर सापडायची. टोल-फ्री नंबरला कॉलर नसते.

तर साहेब, नट राहू द्या. पॉलिसीवर तालुक्यातल्या एका जिवंत माणसाचं नाव आणि नंबर छापा. विक्रीचं कमिशन अर्धं आज द्या, अर्धं दाव्याच्या वेळी मदत केल्यावर. भरलेला अर्ज ग्राहकाला मराठीत वाचून दाखवा आणि मगच पैसे घ्या. पॉलिसीचं माहितीपत्रक ग्राहकाने मागितलं तर त्याच्या भाषेत द्यायचं, असं विमा नियामकाने सांगितलेलंच आहे. मागितलं तर! ज्याला असं काही असतं हेच माहीत नाही, तो मागणार कसा? न मागता द्या.

निघताना त्याने कार्ड दिलं. त्यावर कंपनीचा टोल-फ्री नंबर होता. म्हटलं, तुमचा नंबर? "सर, पर्सनल नंबर द्यायची परवानगी नाही."

ज्यांच्या घरात असं इंग्रजी पत्र पडून आहे, त्यांच्यासाठी. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्यात, नारायण पेठेत बसतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नवीन पॉलिसी घेतली असेल तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, तेवढ्यात अर्जातलं प्रत्येक "हो" आणि "नाही" तपासा. पीक विम्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाते. मराठीत अर्ज कसा लिहायचा हे अडलं तर मला मेसेज करा, माझा अर्ज अजून जपून ठेवलाय, तो पाठवतो.