अर्धाच राहिलेला रस्ता

बालमित्रांनो, रस्ता कशासाठी असतो? ‘जाण्यासाठी!’ असं तुम्ही लगेच सांगाल. बरोबर आहे. पण रस्त्यामुळेच जाणं अवघड झालं तर? अशाच एका रस्त्याची ही गोष्ट.

अमेरिकेत कनेक्टिकट नावाचं छोटंसं राज्य आहे. तिथे समुद्रकाठी न्यू हेवन हे शहर वसलंय. येल विद्यापीठ इथलंच. इथलं मोठं रुग्णालयही नावाजलेलं. पेनिसिलिन हे औषध तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत या औषधानं पहिल्यांदा एका रुग्णाचा जीव वाचला, तो १९४२ साली, याच शहरातल्या रुग्णालयात!

पुढे १९५० नंतर घरोघरी मोटारी आल्या. माणसं शहराबाहेर राहायला जाऊ लागली. तेव्हाचे महापौर रिचर्ड ली यांना वाटलं, मोटारी थेट शहराच्या मध्यापर्यंत आणि रुग्णालयापर्यंत आल्या, तर शहर पुन्हा भरभराटीला येईल. मग मोठ्या महामार्गाला जोडणारा एक रस्ता ठरला. त्याचं नाव ओक स्ट्रीट कनेक्टर.

पण जिथून रस्ता जायचा, तिथे माणसं राहत होती ना! ओक स्ट्रीट ही दाटीवाटीची वस्ती. इटालियन, ज्यू, कृष्णवर्णीय अशी कितीतरी कुटुंबं तिथे शेजारी शेजारी राहत. घरं जुनी होती, म्हणून सरकारनं तिला गलिच्छ वस्ती ठरवलं. सुमारे ८८० कुटुंबं आणि साडेतीनशे दुकानं-धंदे तिथून उठले. घरं पाडली गेली. दुसरीकडे घर मिळतं हो, पण शेजार कुठून आणायचा?

आणि गंमत म्हणावी की दुःख, हा रस्ता पुरा झालाच नाही! तो पश्चिमेला डर्बी गावाकडे न्यायचा होता. जेमतेम दीड-दोन किलोमीटर झाला आणि थांबला. पुढची घरंही पाडून झाली होती. त्या जागेत बरीच वर्षं गाड्या उभ्या राहत. रस्ता खोल चरातून जायचा. त्याच्या एका बाजूला बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला रुग्णालय. लांबून मोटारीनं येणाऱ्याची सोय झाली. पण पायी जाणाऱ्याला पलीकडे जाणं जिकिरीचं झालं. शहराचे जणू दोन तुकडे पडले.

अखेर २०१३ मध्ये शहरानं हे तुकडे पुन्हा जोडायला घेतले. महामार्गाचा काही भाग बंद केला. त्या जागेवर मोठी इमारत उभी राहिली. पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठीही वाटा करायला घेतल्या. रस्ता बुजवता येतो, पण उठून गेलेली वस्ती काही परत आली नाही.

मग रुग्णालयाला रस्ता नको का? हवाच! रुग्णवाहिकेला एकेक मिनिट मोलाचं असतं. पण रस्ता आखताना दोन प्रश्न विचारायला हवेत. कोण लवकर पोचणार? आणि त्यासाठी कोणाला उठावं लागणार?

आता या आठवड्याचा उद्योग. आईबाबांबरोबर जवळच्या रुग्णालयासमोर जा. एखाद्या आजीबाईंना रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, ते घड्याळात बघा. हा रस्ता होण्याआधी तिथे काय होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. पालकांनो, आठवत असेल ते जरूर सांगा. मुलांनो, तुम्ही ते वहीत लिहून ठेवा. नकाशात ते सापडायचं नाही, बरं का!