वाढते भाव, बंद दारे

आमच्या पेण-रोह्याकडे जागेचे भाव चढले की लोक म्हणतात, "गाव सुधारले!" मला हे पटत नाही. ज्याच्याजवळ विकायला जागा आहे, त्याचे हे अर्थशास्त्र झाले. ज्याला डोक्यावर छप्पर हवे, त्याने काय करावे?

भाववाढीची कारणे उघड आहेत. २०१३ साली पेण तालुक्यातील काही गावे सिडकोच्या 'नैना' क्षेत्रात आली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांत नवे नगर वसविण्याचे ठरले. घराची किंमत आता मुंबईच्या पगारावर ठरते. मजुरी मात्र पेणच्या गणपती कारखान्यातली किंवा रोह्याच्या धाटाव वसाहतीतलीच.

शिवाय आमच्याकडचे कौलारू घर नुसते राहण्याचे नसते. पडवीत, अंगणात गणपती वाळतात. कित्येकांचे घर हाच कारखाना. ते पाडून इमारत झाली, तर दोन खोल्यांत माणसे मावतील, मूर्ती कोठे ठेवायच्या? आणि नव्या इमारतींकडे संध्याकाळी पाहावे, तर कित्येक खिडक्या अंधाऱ्याच! ती घरे भाव चढण्याची वाट पाहत कुलूपबंद आहेत.

माझी सूचना साधी आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली गावातील बंद घरे एकदा मोजावीत. एका घरासाठी किती वर्षांची मजुरी लागते, हा हिशेब दरवर्षी मांडावा. ती वर्षे वाढत असतील, तर गाव सुधारले असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.