डिजिलॉकरमधले प्रमाणपत्र नेमके येते कुठून?
डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झाले. त्यात ‘जारी केलेले’ प्रमाणपत्र साठवलेले नसते, फक्त त्याची लिंक असते. तुम्ही ते उघडता, तेव्हा ते संबंधित विभागाच्या नोंदींतून एपीआयमार्फत, म्हणजे दोन संगणक प्रणालींमधल्या जोडणीतून, तुमच्यापर्यंत येते. म्हणूनच २०१६ च्या नियमांनुसार ते मूळ कागदपत्राइतकेच ग्राह्य आहे. तुम्ही स्वतः अपलोड केलेल्या फोटोला हा दर्जा नाही.

मात्र विभागाच्या नोंदीत नाव चुकले असेल, तर इथेही चुकीचेच दिसेल. त्याची दुरुस्ती डिजिलॉकरमध्ये होत नाही. योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी नाव व जन्मतारीख तपासा. चूक आढळल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयातच दुरुस्तीचा अर्ज करा.