अंतिम सामना कोणता?

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. १९८० साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमधील आइस हॉकीची जी कथा आज जगभर सांगितली जाते, ती मुदलातच सुमार कथा आहे. ती तशी का झाली, हा प्रश्न क्रीडेच्या इतिहासकारांइतकाच साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचाही आहे.

प्रचलित कथा अशी: अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरलेल्या, तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस अडकलेले, अशा काळात बहुतांशी महाविद्यालयीन खेळाडूंचा अमेरिकन संघ २२ फेब्रुवारीला बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असा हरवतो. चमत्कारावर तुमचा विश्वास आहे का, असे समालोचक अल मायकल्स यांनी शेवटच्या क्षणी विचारले, आणि त्या विजयाला ‘बर्फावरचा चमत्कार’ हे नाव कायमचे चिकटले. २००८ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या शतकभराच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ कथा म्हणून हिचीच निवड केली. हाच अंतिम सामना होता आणि यातच सुवर्णपदक मिळाले, अशी अनेकांची आजही समजूत असते.

वस्तुस्थिती निराळी आहे. पदकांची फेरी चार संघांची आणि साखळी पद्धतीची होती. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. प्राथमिक फेरीत या संघांनी एकमेकांविरुद्ध मिळवलेले गुणही धरले जात. २४ फेब्रुवारीच्या सकाळी अमेरिकेचे तीन गुण होते, सोव्हिएत संघ व स्वीडन यांचे प्रत्येकी दोन, आणि फिनलंडचा एक. त्या दिवशी सोव्हिएत संघाने स्वीडनला ९-२ असे धुऊन काढले. म्हणजे अमेरिका फिनलंडकडून हरली असती, तर ज्यांना ‘चमत्काराने’ हरवले त्यांच्याच गळ्यात सुवर्णपदक पडले असते. आणि तीनपैकी दोन सत्रे संपली तेव्हा फिनलंड २-१ असा पुढे होता! अखेरच्या वीस मिनिटांत फिल व्हर्चोटा, रॉब मॅक्लनहन आणि मार्क जॉन्सन यांनी तीन गोल केले, अमेरिका ४-२ अशी जिंकली, आणि पदक तेव्हा मिळाले. अंतिम सामना म्हणायचा तर हा. पण २००४ सालच्या ‘मिरॅकल’ या चित्रपटात सारा उत्कर्ष सोव्हिएत सामन्याला दिलेला आहे. फिनलंडविरुद्धचा सामना निवेदनातल्या एखाद्या वाक्यात उरकला जातो.

यावर आमचे काही विद्वान मित्र म्हणतील, कथेला तपशिलाचे बंधन कशाला? कलावंताला निवडीचे स्वातंत्र्य असतेच. मान्य. आमचा आक्षेप स्वातंत्र्याला नाही, निवडीच्या दारिद्र्याला आहे. भारतीय नाट्यशास्त्राने कथानकाचे पाच संधी सांगितले: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. परीक्षेत ते आपण पाठ लिहून येतो आणि विसरतो. फळ हाताशी आले असे वाटत असतानाच ते निसटण्याची भीती, हा विमर्श. विखुरलेली सर्व बीजे एका अर्थाकडे आणणे, हे निर्वहण. लेक प्लॅसिडची प्रचलित कथा गर्भातच टाळ्या वाजवून उठते. दोन दिवसांपूर्वी डोक्यावर घेतलेली तरुण मुले सकाळी पुन्हा बर्फावर उतरतात, पिछाडीवर पडतात, आणि मिळवलेले सारे गमावण्याच्या काठावर अखेरच्या सत्राला सामोरी जातात: विमर्श आणि निर्वहण दोन्ही इथे आहेत. समोर खलनायक नाही, द्वेषाचे इंधन नाही. आहे केवळ काम पुरे करण्याची सक्ती. आम्हांला हे नाट्य कितीतरी अधिक प्रौढ वाटते.

ते वगळले गेले याचे कारण उघड आहे. शीतयुद्धाला शत्रू हवा होता आणि फिनलंड त्या कामाचा नव्हता. पण फिनलंडच्या बाजूने एकदा पाहा. आइस हॉकीत ऑलिंपिक पदक त्या देशाला तोवर एकदाही मिळाले नव्हते. ती आघाडी टिकली असती, तर त्या दिवशीच्या गुणतक्त्यात ते निश्चित होते. प्रत्यक्षात संघ चौथा आला. पहिले पदक १९८८ साली कॅल्गरीत मिळाले, आणि सुवर्णपदक थेट २०२२ साली बीजिंगमध्ये. दुसऱ्याच्या महाकथेत ज्यांना तळटीपही मिळत नाही, अशांची ही शोकांतिका आहे. परिघावरच्या आवाजांविषयी चर्चासत्रे भरवणाऱ्या आम्हां साहित्यिकांना तरी ती ऐकू यायला हवी.

दुसरा अन्याय ‘चमत्कार’ या शब्दाचा. ज्ञानदेवांनी भिंत चालवली हे ज्यांना ठाऊक असते, त्यांपैकी कितीजणांनी ज्ञानेश्वरी उघडलेली असते? चमत्कार माणसाला श्रमाकडे पाहण्यापासून सोडवतो. प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी या संघाला महिनोन्‌महिने राबवले होते. नॉर्वेविरुद्धचा एक सराव सामना बरोबरीत सुटल्यावर तिथेच, दिवे मालवले गेल्यानंतरही, त्यांनी मुलांना बर्फावर धावायला लावले. ऑलिंपिकमधील सातपैकी सहा सामन्यांत हा संघ आधी पिछाडीवर पडला आणि एकही हरला नाही. सहा वेळा घडते त्याला चमत्कार म्हणत नाहीत, सवय म्हणतात. फिनलंडविरुद्धची अखेरची वीस मिनिटे ही त्या सवयीची कसोटी होती. चमत्काराची कथा नेमकी तीच झाकते.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच: कोणतीही कथा टाळ्यांच्या कडकडाटात संपत असेल, तर पुढचे पान उलटून पाहा. तिथे बहुधा आणखी एक सामना बाकी असतो.